आजीचे चरित्र लिहायला बसलेल्या मुलीस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे दोन्ही मसुदे मिळाले. आजीच्या वर्षश्राद्धाला वाटायची पुस्तिका घरच्यांनी तुझ्यावर सोपवली आहे, चुलत्यांना तीत त्यागमूर्ती हवी आहे, तुझ्या मनातून मात्र ‘या बाईला सगळ्यांनी राबवून घेतले आणि देवाचे नाव पुढे करून गप्प बसवले’ हा विचार हलत नाही, आणि यातले खरे कोणते ते मी सांगावे, असे तू लिहिले आहेस. दोन्ही मसुदे मी लक्षपूर्वक वाचले. पहिल्यात आजी सोसते, दुसऱ्यात तिला छळले जाते. दोन्हींत मिळून ती एकदाही भाकरी थापत नाही, भांगलायला जात नाही, विहिरीवरून हंडा आणत नाही. नव्वदी ओलांडलेल्या बाईबद्दल इतकी पाने लिहून झाली, तरी तिच्या माहेरचे गाव कोणते, शेताच्या कोणत्या तुकड्याला घरात काय म्हणत, ती कोणत्या दिंडीतून पंढरीला चालत जाई, यांतले काहीही मला तुझ्या लिखाणातून कळले नाही.

तेव्हा तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार नाही. तो प्रश्न चुकीचा नाही, पण त्याची वेळ अजून आलेली नाही. शाळेत तुला शिकवत असल्यापासून मी एकच गोष्ट सांगत आले आहे आणि या पत्रातही तीच पुन:पुन्हा सांगणार आहे: नोंद आधी, निवाडा मागाहून. तुझ्या चुलत्यांनी निवाडा आधी करून ठेवला आहे आणि तूही तेच केले आहेस. तुमचे निकाल वेगळे आहेत, पण तपास दोघांनीही केलेला नाही.

तिच्या वयापासून सुरुवात कर. आधार कार्डावर 1 जानेवारी 1931 आहे, म्हणून तू तेच लिहून मोकळी झालीस. माण तालुक्यातल्या त्या पिढीच्या बायकांची आधार कार्डे जरा बघ. निम्म्या जणी एक जानेवारीला जन्मलेल्या निघतील. कारण कार्ड काढताना कोणालाच तारीख माहीत नव्हती आणि समोरच्या माणसाला रकाना भरायचा होता. पण तारीख माहीत नसली, तरी या बायकांना काळ नेमका माहीत असतो. लग्न पत्री सरकारच्या वेळी झाले, थोरला पानशेत फुटले त्या पावसाळ्यात पोटात होता, धाकटी कोयनेच्या भूकंपाच्या रात्री अंगावर पीत होती, अशा खुणांवर त्यांचे सगळे आयुष्य लावलेले असते. पानशेत 12 जुलै 1961 रोजी फुटले, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेपूर्वी झाला. म्हणजे बाईने सांगितलेली खूण हाती असली की तारीख तुला काढता येते. तू सहज लिहून गेली आहेस की आजीचे लग्न वाजंत्रीशिवाय, मोजक्या माणसांत झाले, आणि त्यावरून घरचे दारिद्र्य दाखवले आहेस. सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारच्या, म्हणजे त्याच पत्री सरकारच्या, काळात अशी कमी खर्चाची लग्ने मुद्दाम लावली जात आणि त्यांना गांधी लग्न म्हणत. आजीचे लग्न तसे होते का? असेल तर तुझा तो परिच्छेद संपूर्ण बदलतो, कारण मग ती गरिबीची खूण राहत नाही, तिच्या वडिलांनी घेतलेली एक भूमिका ठरते. नसेल तर तुझे दारिद्र्य जागेवर राहील. कोणालातरी विचारल्याशिवाय हे कळणार कसे?

आता दिवसाकडे वळू. मागे तू म्हणाली होतीस की घरातले जाते अंगणात तुळशीजवळ पडून आहे आणि पाहुणे त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. त्याचा वरचा दगड उचलून बाजूला ठेव आणि खालच्या तळीवर तळहात फिरव. टाकीचे घाव बोटांना अजून लागतात की दगड गुळगुळीत झाला आहे? जाते गुळगुळीत झाले की पीठ जाड पडते आणि ओढायला जड जाते. मग टाकी लावणाऱ्याची वाट बघावी लागते, आणि तो गावात कधी येईल ते आपल्या हाती नसते. खुंट्याजवळ लाकूड कोणत्या अंगाने झिजले आहे ते बघ, म्हणजे ती एकटी दळत होती की समोर जाऊ बसत होती याचा अंदाज येईल. घरात माणसे किती, बाजरी रोज किती लागे, पहाटे ती किती वाजता उठे, पायलीभर दळायला किती वेळ जाई, हे तुझ्या आत्याला विचार. तिने ते जाते ओढलेले असणार. मग गावात पिठाची गिरणी कधी आली ते विचार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गिरणी आल्यावर पहाटेचा तो वेळ आजीने कशाला दिला ते विचार. बहुतेक घरांत तो वेळ झोपेला मिळाला नाही. एक म्हैस वाढली, शेण वाढले, शेण्या थापायचे काम वाढले. हे तुला ‘काबाडकष्ट’ या एका शब्दात बसवता येणार नाही, आणि बसवू नकोस.

गिरणी आली आणि ओव्या थांबल्या. हे दुःख माझे स्वतःचे आहे, म्हणून इथे थोडे थांबते. माझी आई खटाव तालुक्यातली, माळकरी घरातली, आणि जात्यावर बसली की तिच्या तोंडून ओवीमागून ओवी येत असे. जात्याशिवाय तिला त्या आठवत नसत; चुलीपुढे बसून सांग म्हटले की दोन ओव्यांनंतर ती अडखळे आणि म्हणे, हात फिरल्याशिवाय तोंड फिरत नाही. आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला तोवर तिचा आवाज गेला होता. शाळेच्या वहीत उतरून घेतलेल्या थोड्या ओव्या माझ्याजवळ आहेत. बाकीच्या तिच्याबरोबर गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. हे काम वेळेवर झाले नसते तर हजारो बायकांचे बोलणे कुठेच उरले नसते. त्या ओव्या वाच. तुझे चुलते म्हणतात की आजीने जन्मात कधी तक्रार केली नाही. त्या पिढीतल्या बायकांनी तक्रार कुठे केली असेल, तर ती जात्यापाशी, आणि ती पहाटे घरातले सगळे पुरुष झोपलेले असताना केली. विठ्ठलाला, भावाला, सासूला, नवऱ्याला उद्देशून एकाच बैठकीत ओव्या येतात, आणि त्यांतली भक्ती कुठे संपते आणि गाऱ्हाणे कुठे सुरू होते, हे वेगळे काढता येत नाही. ज्या बाईचे देवाशी भांडण चालू होते, तिला गप्प बसवलेली बाई म्हणण्यापूर्वी तिचे भांडण तरी ऐक.

तुझे आजोबा मुंबईला गिरणीत होते, एवढे एक वाक्य दोन्ही मसुद्यांत आहे, आणि त्यापुढे पूर्णविराम. माण, खटाव, पाटण, जावळी इथल्या किती घरांचे आयुष्य त्या एका वाक्यात आहे ते तुला ठाऊक असायला हवे. पुरुष गिरणगावात एका खोलीत दहाजण राहत, पाळीने झोपत, खाणावळीत जेवत, आणि बायका गावाकडे शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि मुले सांभाळत. तुझ्या आजीने संसार केला तो बराचसा पोस्टाच्या साहाय्याने. मनीऑर्डर किती रुपयांची येई, ती कोणाच्या नावाने येई, तिच्या की सासऱ्याच्या? फॉर्मच्या तळाशी मजकुराला जी एवढीशी जागा असे तिच्यात आजोबा काय लिहीत, आणि ते तिला वाचून कोण दाखवी? ज्या बाईला नवऱ्याचा निरोप पोस्टमनच्या किंवा मास्तरांच्या तोंडून ऐकावा लागत होता, तिने उत्तरात काय सांगितले आणि काय सांगायचे टाळले, हा भक्तीइतकाच खोल विषय आहे. कधी पेरायचे, कोणता बैल विकायचा, सावकाराला किती द्यायचे, हे निर्णय घरात पुरुष नसताना कोण घेत होते? चुलत्यांच्या त्यागमूर्तीला निर्णय घेता येत नाहीत आणि तुझ्या पीडितेलाही येत नाहीत. पण मला खात्री आहे की तिने ते घेतले. 18 जानेवारी 1982 पासून गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि हजारोंनी ते गावाकडे परतले. आजोबाही त्यांत आले असणार. इतकी वर्षे एकटीने चालवलेल्या घरात तो माणूस कायमचा येऊन बसला तेव्हा काय झाले? याबद्दल तुझ्या घरात कोणी बोलत नसेल, तर नेमके तिथेच विचारायला हवे.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल तू अर्धे पान लिहिले आहेस, पण ते कुठल्याही तालुक्याबद्दल असू शकते. आजी खडी फोडायला गेली होती का? कोणत्या कामावर, पाझर तलावाच्या की रस्त्याच्या? हजेरी मस्टरवर तिचे नाव होते की ती दिराच्या नावावर काम करत होती? मजुरी मापावर मिळे. ब्रास मोजणारा मुकादम कोण होता आणि मापात तो कसा वागे, हे त्या कामावर गेलेल्या प्रत्येक बाईला मरेपर्यंत आठवते. कामावर खायला मिळणारी सुकडी तिने खाल्ली की पदरात बांधून मुलांसाठी आणली? लाल मिलोच्या, म्हणजे दुष्काळात आलेल्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीबद्दल ती काय म्हणायची? ती भाकरी थापताना तुटे, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे होत, आणि जिच्या हाताची भाकरी गावात नावाजलेली होती अशा माझ्या आईला दुष्काळाची सगळ्यात मोठी लाज तीच वाटली होती. कामावरची उन्हे नाही, पायाला झालेल्या जखमा नाहीत. पाहुण्याच्या ताटात तुटकी भाकरी वाढावी लागली ती. हे मी कल्पनेने कधी लिहू शकले नसते. दुसरीही एक गोष्ट ध्यानात घे. ज्या रोजगार हमीचा कायदा पुढे 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला, त्या योजनेचा पाया या बायकांनी फोडलेल्या खडीवर उभा आहे. तुझी आजी त्या इतिहासात होती. तिला तू घरगुती करून टाकू नकोस.

आता जमीन. इथे तुझे चुलते नाराज होतील आणि तूही थोडी बिचकशील, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. तलाठ्याच्या दप्तरातून दोन्हीकडचे फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावे बदलल्याच्या नोंदी, काढ, सासरचे आणि माहेरचे. आजोबा गेल्यावर वारस नोंद कधी झाली, आजीचे नाव कब्जेदार म्हणून लागले की ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकलले गेले, ते बघ. मग तिच्या माहेरच्या गावी जा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्श्यात मुलीला वाटा मिळाला, आणि तेव्हापासून बाप वारला की बहिणींचे हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत गावोगाव पडली. महाराष्ट्राने 1994 साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने आणले, पण ज्यांची लग्ने आधी झाली होती त्यांना वगळून. सगळ्या मुलींना तो हक्क 2005 साली मिळाला, तेव्हा तुझी आजी पंचाहत्तरीच्या घरात होती आणि तिचा अंगठा कदाचित केव्हाच उमटून गेला होता. तो कागद सापडला तर त्याची तारीख, साक्षीदारांची नावे आणि मोबदल्याच्या ठिकाणी काय लिहिले आहे ते उतरून घे. बहुतेक कागदांत तिथे काही नसते, किंवा साडीचोळी असते.

यावर तू लगेच लिहिशील की ही लूट आहे. चुलते लिहितील, बघा, भावासाठी तिने जमिनीवर पाणी सोडले. दोघांनाही माझे सांगणे तेच: नोंद आधी. अंगठा देण्यापूर्वी ती माहेरी किती वेळा जात होती आणि नंतर किती वेळा गेली? दिवाळीला भाऊ न्यायला येत राहिला का? तिची लेक बाळंतपणाला आली तेव्हा मामाकडून काय आले? पुष्कळ बायकांनी मला सांगितले आहे की सही केली नसती तर माहेरचा उंबरा तुटला असता, आणि सासरी काही वाईट घडले तर पाठीशी उभे राहायला कोणी उरले नसते. हा हिशोब होता. डोळे उघडे ठेवून केलेला, फार थोडे पर्याय हाती असलेल्या माणसाचा हिशोब. शेतकरी महिला 1986 साली चांदवडला हजारोंनी जमल्या आणि त्यानंतर काही वर्षांत शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला, तेव्हा हा हिशोब प्रथमच चावडीवर मोठ्याने बोलला गेला. तुमच्या गावात ती मोहीम आली होती का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेव.

या माझ्या आग्रहामुळे माझी माणसे तुटली आहेत, हेही तुला माहीत असावे. एका कुटुंबाने त्यांच्या आईवर लिहायला मला मोठ्या मानाने बोलावले होते. मी लिहिले, त्यात तिच्या हरिपाठाबरोबर तिच्या फेरफाराचीही नोंद केली, आणि ते लिखाण छापले गेले नाही. नंतर लग्नकार्यात भेटले की ती माणसे नजर चुकवत. भक्त बाईला मी तलाठ्याच्या दप्तरात कोंडते, असे माझ्या पाठीमागे बोलले गेले. मला त्याचे वाईट वाटले आणि आजही वाटते, कारण त्या माउलीवर माझी माया होती. पण ती ओळ काढ म्हणून आज कोणी सांगितले तरी मी काढणार नाही. मी माळकरी आईची मुलगी आहे, एकादशी माझी आजही चुकत नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे विठ्ठलापुढे कोणाचेही आयुष्य झाकून ठेवायची गरज नसते. ज्या संतांचे अभंग आपण म्हणतो, त्यांत जनाबाई दळते, कांडते, शेण्या वेचते. तिचे काम काढून टाका आणि उरलेली भक्ती दाखवा, असे तिला कोणी सांगून बघावे.

यावरून वारीकडे येते, कारण तुझ्या दुसऱ्या मसुद्यातला सगळ्यांत कच्चा भाग तो आहे. तू लिहिले आहेस की वारी हा आजीचा विरंगुळा होता. आजी पहिल्यांदा वारीला कोणत्या वर्षी गेली? आषाढी येते ती पेरणीच्या तोंडावर. ज्या बाईच्या घरात तेव्हा पुरुष नसतो, तिला घर सोडता येत नाही. माझ्या आईने माळ तरुणपणीच घातली, पण पालखीबरोबर चालायला ती निघाली ते थोरली सून घरात रुळल्यावर. तोवर पालखी लोणंदला आली, तरडगावला आली, फलटणला आली, हे ती फक्त ऐकायची आणि चांदोबाच्या लिंबाजवळच्या रिंगणाच्या दिवशी उपाशी राहायची. दिंडीची भिशी, म्हणजे वाटेवरच्या जेवणखाणाची वर्गणी, भरायला पैसे लागतात. ते तिने नवऱ्याकडे मागितले नाहीत, मुलांकडेही नाहीत. दुसऱ्यांच्या रानात भुईमुगाची काढणी झाली की मागे राहिलेल्या शेंगांचा सरवा ती वेचायची, त्या शेंगा फोडून विकायची आणि आलेले पैसे देव्हाऱ्यामागच्या डब्यात टाकायची. ते पैसे कोणाचे आहेत याबद्दल घरात कोणालाही शंका नव्हती. आयुष्यभर तिच्या कष्टाचा पैसा घराचा होता. एवढाच एक डबा तिचा होता, आणि तो तिने पांडुरंगासाठी ठेवला होता. याला विरंगुळा म्हणायचा मला धीर होत नाही.

तुझ्या आजीचा डबा कोणता होता? तिची भिशी कोण भरत होते? नातेपुत्याला जाऊन ती पालखीला मिळे की थेट आळंदीपासून चाले? तंबूत ती स्वयंपाक करणाऱ्यांत होती की पंगतीला बसणाऱ्यांत? घरी वर्षभर दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईला वाटेवर कोणीतरी हात धरून बसवले आणि ‘माउली, घ्या’ म्हणून वाढले, तर तिचे काय होत असेल, हे मी स्वतः तंबूत बसून पाहिले आहे. साठी उलटलेल्या बायका पहिला घास हातात धरून थांबतात. डोक्यावरचे तुळशीवृंदावन आजीने कधी वाहिले होते का? पाय थकल्यावर वारी कोणत्या वर्षी सुटली, आणि सुटली त्या वर्षी ती घरात कशी वागली? शेवटचा प्रश्न चुलत्यांनाच विचार. त्याचे उत्तर त्यांनाही देता येईल आणि ते खरे देतील, कारण म्हाताऱ्या आईची वारी सुटते तो दिवस माळकरी घरात कोणी विसरत नाही.

एक जड गोष्ट सांगायची राहिली आहे. तू लिहितेस, आजीला पाच मुले. पाच ही जगलेल्या मुलांची संख्या आहे की झालेल्या? तहसील कचेरीत जुनी कोतवाल बुके असतात, गाव नमुना चौदाची, त्यांत जन्म आणि मृत्यू लिहिलेले असतात. नोंद बापाच्या नावाने असते, अक्षर मोडी असेल तर वाचायला कोणाला तरी बरोबर ने. तुझ्या आजोबांच्या नावापुढे पाचांहून अधिक ओळी सापडण्याची तयारी ठेव. देवी, पटकी, धनुर्वात यांनी मुले जात आणि घरात त्यांचे नाव पुन्हा काढले जात नसे. माझ्या आईने गेलेल्या दोघांची नावे मला एकदाच सांगितली, मटकी निवडता निवडता, मी विचारलेले नसताना, आणि मग ती पुन्हा मटकी निवडू लागली. त्या दोन नावांची नोंद मी केली नसती, तर आज ती कोणालाच माहीत नसती. तुला तशी नावे सापडली, तर पुस्तिकेत ती जगलेल्या भावंडांच्या बरोबरीने, क्रमाने घाल. भक्तीवर त्यापुढे काही लिहावेसे वाटले तर लिही, नाहीतर पान तसेच सोड.

तू विचारशील की मग बाई, निवाडा करायचाच नाही का? करायचा. मी भित्रेपणा शिकवत नाही. माझ्या आईबद्दल माझा निवाडा झालेला आहे आणि तो मी कोणापुढेही बोलते: जमिनीच्या बाबतीत तिच्यावर अन्याय झाला, तो तिच्या सख्ख्या माणसांनी केला, आणि तिची भक्ती त्या अन्यायावरची फुंकर नव्हती, ती तिची स्वतःची कमाई होती. ही दोन्ही वाक्ये मी एका दमात बोलू शकते, कारण त्यांच्यामागे माझ्या वह्या आहेत. तुझ्यामागे अजून वह्या नाहीत. तुझा राग मला समजतो, त्याची मला काळजी वाटत नाही. मला काळजी वाटते ती या रागापायी तू आजीला विचारायचे राहिलेले प्रश्न इतरांनाही विचारणार नाहीस याची. सगळे विस्मरणात गेले, आता सांगणारे कोणी नाही, असे तू लिहिले आहेस. हे वाचून मला तुझा कान धरावासा वाटला. तुझी आत्या आहे. माहेरच्या गावी आजीची धाकटी भावजय आहे. दिंडीचे विणेकरी आहेत. शाळेचे जनरल रजिस्टर आहे, ज्यात तुझ्या वडिलांची आणि चुलत्यांची दाखल तारीख आहे, आणि धाकट्या आत्याचे नाव तिसरीनंतर कधी कमी झाले तेही आहे. रेशनकार्ड आहे. जाते आहे.

पुस्तिका लहान होऊ दे. वर्षश्राद्धाला तयार झाली नाही तरी चालेल. चुलत्यांना मी स्वतः फोन करून सांगेन, माझा शब्द ते मोडणार नाहीत. दोन्ही मसुदे या पत्रासोबत परत पाठवते आहे, ते फाडू नकोस, पण वर्षभर उघडूही नकोस. एक कोरी वही घे, उजव्या पानावर सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिही आणि डावे पान तारखांसाठी मोकळे ठेव. आत्याकडे जाताना ध्वनिमुद्रण मोबाइलवर कर, पण तिची परवानगी घेऊन, आणि पहिल्या दिवशी जमिनीचा विषय काढू नकोस; जात्यापासून सुरुवात कर. परीक्षा झाल्यावर जाईन असे तू लिहिले आहेस. आत्याचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि गेल्या थंडीत ती आठवडाभर दवाखान्यात होती. परीक्षेला अजून अवकाश आहे. येत्या रविवारी सकाळच्या दहिवडी गाडीने निघ, दोन रात्री तिच्याकडे राहा, आणि वही भरली की ती घेऊन सरळ माझ्याकडे ये.

तुझी,
बाई